तीन डायनामो आणि उस्तादांची वाटणी

मी, बद्रीनाथ भिकाजी गावंडे, वय ऐंशी, मूळ गाव पिंपळगाव रेणुकाई, तालुका भोकरदन, हल्ली मुक्काम स्टेशन रोड, परतूर, जिल्हा जालना, धंदा गाड्यांचं इलेक्ट्रिक काम, आता घरी बसून, हे मृत्युपत्र स्वतःच्या हातानं लिहून ठेवतो. डोकं शाबूत आहे. डाव्या कानानं कमी ऐकू येतं, पण डॉक्टरांनी माझी छाती तपासून माझ्या मुलाला, कल्याणला, बाहेर नेऊन जे सांगितलं ते उजव्या कानानं मला बराबर ऐकू आलं. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही, कोणी फूस लावलेली नाही, नशापाणी केलेलं नाही. सकाळचा चहा झाला आहे, तोही बिनसाखरेचा. याआधी मी कसलंही मृत्युपत्र केलेलं नाही. कोणी तसा कागद पुढं आणलाच तर तो बिलकुल खोटा समजावा.

वकील भार्गवीबाई देऊळगावकर यांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात स्थावर आलं, जंगम आलं, दागदागिने आले. एवढ्यात माझं भागत नव्हतं, म्हणून कलमं त्यांच्या पद्धतीची ठेवली आहेत आणि मजकूर माझा आहे. बाईंनी नाक मुरडलं तरी चालेल.

कलम १. स्टेशन रोडवरचं राहतं घर, खालच्या दुकानाच्या गाळ्यासह, माझी पत्नी सौ. साळूबाई हिच्या एकटीच्या मालकीचं होईल. तिच्या हयातीत तिला कोणी "आता जालन्याला राहायला चला" असा आग्रह करू नये. तिला मोठ्या रस्त्याचा आवाज सोसत नाही आणि शेजारणीशी बोलल्याशिवाय तिचा दिवस उगवत नाही. तिच्या पश्चात घर मुलगा कल्याण याला मिळेल. कल्याण जालना एमआयडीसीत बियाण्याच्या कारखान्यात ऑफिसात असतो, चांगला मुलगा आहे, फक्त फ्यूज उडाला तर मला फोन करतो.

कलम २. पिंपळगावची माझ्या वाट्याची जमीन धाकटा भाऊ पहिल्यापासून कसतो, ती त्याचीच राहील. मला नांगर कधी सरळ धरता आला नाही. वडील म्हणायचे, "ह्याला बैलापेक्षा बैलगाडीच्या आसात जास्त गम्मत वाटून राह्यली." खरंच होतं ते. बँकेत जे काही असेल ते साळूबाईचं. हिशोब पासबुकात आहे, इथं लिहीत नाही.

कलम ३. दुकानातली हत्यारं, म्हणजे आर्मेचर तपासायचं यंत्र, लेथ, डाग द्यायच्या कैय्या, पाने-पकडी, सगळं माझ्या हाताखाली शिकलेल्या भिवाला द्यावं. गेली कित्येक वर्षं दुकान तोच चालवतो. अल्टरनेटरच्या गुंडाळ्या चांगल्या भरतो, डायनामोच्या वाटेला जात नाही. त्यात त्याचा दोष नाही, डायनामोची गाडीच आता येत नाही.

कलम ४. माझे साडू हरिओम यांनी भार्गवीबाईंच्या नमुन्यात न बसणारी एक जागा व्यापली आहे. कल्याणच्या लग्नात, भरल्या पंगतीत, ते म्हणाले होते की डायनामो म्हणजे काय, सायकलच्या चाकाला घासतो तोच ना. लोक हसले. हरिओमराव, डायनामो म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यानं फिरून जुन्या गाडीची बॅटरी भरणारं यंत्र, सायकलला असतो तो डायनामोच नव्हे, पण ते तुम्हाला सांगायला माझं आयुष्य पुरलं नाही. माझ्या तेरवीला त्यांना आग्रहानं जेवू घालावं, बुंदी वाढावी, मात्र भाषण करू देऊ नये.

कलम ५. आता खरा मुद्दा.

दुकानाच्या मागच्या खोलीत, फळीवर, गोणपाटात गुंडाळलेले तीन डायनामो आहेत. एक अमेरिकन, एक विलायती, एक जर्मन. तिन्ही माझे उस्ताद गफूरमियाँ यांचे. उस्ताद निजामाच्या काळात सरकारी मोटारींवर काम शिकले. पुढं परतूरच्या जिनिंगच्या लॉऱ्या, डॉक्टरांच्या गाड्या, कालव्याच्या कामावरच्या जीपा, सगळं त्यांच्या हातून गेलं. त्यांच्याकडे आम्ही दोघं शिकलो, मी आणि मच्छिंद्र. मच्छिंद्र मंठ्याकडचा. एकाच ताटात जेवलो, एकाच कैय्यानं हात भाजून घेतले.

कल्याणला मी हे डायनामो दाखवले तेव्हा तो म्हणाला, "बाबा, आत तांबं किती असंल?" म्हणून हे लिहावं लागतं आहे. मी गेल्यावर तांबं भंगारवाल्याकडं जाईल आणि लोखंड एमआयडीसीतल्या भट्टीत वितळून कुणाच्या तरी स्लॅबची सळई होईल. ते होऊ नये एवढीच माझी शेवटची इच्छा आहे, बाकीची कलमं रीतीपुरती.

तिघांत फरक काय हे लिहून ठेवतो, कारण विचारणारं आता कोणी राहिलं नाही.

अमेरिकन डायनामोला तीन कार्बन असतात. दोन कार्बन वीज बाहेर काढतात, तिसरा फिल्डच्या, म्हणजे आतलं चुंबक तयार करणाऱ्या, गुंडाळ्यांना वीज पुरवतो. इंजिन जोरात गेलं की तिसऱ्या कार्बनचा पुरवठा आपोआप उतरतो, म्हणून डायनामो स्वतःच स्वतःला आवरतो. वेगळी डबी फक्त एक साधा कटाऊट, बंद गाडीत बॅटरीची वीज उलटी येऊ नये एवढ्यापुरता. काम किती सोपं! पण बॅटरी भरली आहे की रिकामी, हे त्याला कळत नाही. दिवसभर लॉरी चालली की बॅटरीचं पाणी उकळायचं, म्हणून ड्रायव्हर भर उन्हात मोठे दिवे लावून कापूस वाहायचे. उन्हाळ्यात कार्बन थोडा मागं सरकवायचा, हिवाळ्यात पुढं. आणि बॅटरीची तार सुटली की दाब, म्हणजे व्होल्टेज, असा चढायचा की सगळे बल्ब एका दमात खलास.

विलायती डायनामोला कार्बन दोनच. अक्कल सगळी बाहेरच्या डबीत. त्या डबीत दोन गुंडाळ्या, एक कटाऊटची आणि एक दाब राखणारी. बॅटरी उपाशी असेल तर जास्त देणार, भरली की हात आखडता घेणार. माणसासारखं, नव्हे, माणसापेक्षा शहाणपणानं. डबीतले पॉइंट साफ ठेवावे लागतात आणि मागच्या बुशाला तेलाचे दोन थेंब द्यावे लागतात. आळशी माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

जर्मन डायनामो जड. दोन्ही टोकांना बॉल बेअरिंग, तांबं सढळ, आणि दाब राखणारी डबी त्याच्या पाठीवरच बसवलेली. तारा कमी, बिघाड कमी. पण वैशाखात परतूरच्या उन्हात डायनामो तापला की पाठीवरची डबीही तापते आणि तिचा अंदाज चुकतो. शिवाय त्याचा कार्बन मिळवायला हैदराबादला माणूस पाठवावा लागायचा. उस्तादांचा जीव ह्याच्यावर, त्यामुळं त्याच्याविषयी बोलायची आमची दोघांची टाप नव्हती.

भांडण होतं ते पहिल्या दोघांवरून. मच्छिंद्र अमेरिकनचा, मी विलायतीचा. "जे रस्त्यात तुटल्यावर पान्यानं नीट होतं तेच खरं," हे त्याचं. "जे रस्त्यात तुटतच न्हाई ते खरं," हे माझं. उस्ताद हसायचे आणि बिडी पेटवायचे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी आम्हाला जवळ बोलावलं आणि वाटणी केली. तिन्ही डायनामो मला दिले. कटाऊटच्या डब्या आणि मीटर मच्छिंद्रला दिले. म्हणाले, "अब लडो. एक के बिना दूसरे का काम नहीं." म्हाताऱ्याचा हिशोब असा होता की एकाचं दुसऱ्यावाचून अडेल आणि आम्ही दुकान एकत्र चालवू.

उस्ताद गेले त्या वर्षी आम्ही ठरवलं की दसऱ्याला दुकानासमोर बेंच मांडून एकदाचा निकाल लावायचा. मोटरीला पट्टा लावून दोन्ही डायनामो फिरवायचे, दिव्यांचा भार टाकायचा, मीटरची सुई बघायची. चार गावचे ड्रायव्हर जमले, जिनिंगचे मॅनेजर आले. आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या धंद्यात खंडेनवमीला हत्यारं आणि यंत्रं पुसून, हळदी-कुंकू लावून मांडतात आणि दसरा उगवेपर्यंत त्यांना कोणी हात लावत नाही. डायनामोही पूजेत मांडले होते. दसऱ्याला नारळ फोडला आणि ते सरळ बेंचवर चढवले.

पहिला माझा विलायती. मोटर सुरू झाली, कटाऊट टक्‌कन लागला, आणि पुढच्या क्षणाला डबीतून धूर. पॉइंट चिकटले, तारांचं आवरण जळून टपटप गळालं. मी पट्टा हातानं ओढून काढला. तिथंच तपासलं तर डायनामोची वीज उलटी येत होती. विलायती गाडीत बॅटरीची पॉझिटिव्ह तार बॉडीला असते. आणि पडून राहिलेल्या डायनामोच्या लोखंडातलं चुंबक मावळतं, ते बॅटरीची तार फिल्डला क्षणभर टेकवून जागं करावं लागतं. तार उलटी टेकवली तर वीजही उलटी येते. मी तार टेकवली नव्हती. दुकानात दुसरा माणूस एकच. मला हरवायला त्यानंच हे मुद्दाम केलं असं धरून मी चारचौघांत त्याला चोर म्हणालो. तो जळकी डबी आणि मीटर उचलून जालन्याला गेला, आणि तिथं एमआयडीसीत मिलच्या मोटरी भरायचं दुकान टाकलं. त्यानंतर आम्ही बोललो नाही. लग्नाच्या पत्रिका गेल्या-आल्या, माणसं नाही.

सबब, वरील तीन डायनामो माझ्या पश्चात ____________ यांना मिळावेत.

ही जागा मी रिकामी सोडली आहे. भार्गवीबाई म्हणतात मृत्युपत्रात रिकामी जागा चालत नाही. मला ठाऊक आहे. पण सुचत नाही. ज्याला चालवता येतात त्याला द्यायचे नाहीत, आणि ज्याला द्यायचे त्याला चालवता येत नाहीत.

कलम ६. मच्छिंद्र यास माझ्या मरणाची खबर देऊ नये. तरी आला तर पाणी द्यावं, बसायला खुर्ची द्यावी. मागच्या खोलीत सोडू नये.

इथवर काल लिहून झालं होतं. पुढचं आज लिहितो आहे. कागद तोच आहे आणि खाडाखोड झाली तर तिथं सही करीन. नव्यानं लिहिण्याइतकी हातात ताकद नाही.

आज सकाळी दारात रिक्षा थांबली आणि एक म्हातारा उतरला. टक्कल, हातात रेग्झिनची पिशवी. आवाजावरून ओळखला.

"बद्री, मरून राह्यला म्हणं?"

"तुला कोण सांगितलं?"

मागून साळूबाई म्हणाली, "म्या फोन केलता. तुमचा कागद वाचला म्या. मेल्यावर कोणाशी भांडणार हाईत? जे काय भांडायचं ते जित्तेपणी भांडून घ्या, मी चहा टाकते."

पन्नास वर्षांनी समोर बसलेल्या माणसाला काय विचारायचं असतं, मला कळेना. मी म्हणालो, "गाडी टाइमावर होती का?" तो म्हणाला, "होती." 

साळूबाईनं चहाबरोबर हाच कागद आणून त्याच्यापुढं ठेवला. बायको म्हणावं की काय म्हणावं! मी हिसकावणार होतो, पण त्यानं चष्मा लावला होता. कलम पाच त्यानं बोट फिरवत वाचलं. जिथं तार उलटी टेकवल्याचं आहे तिथं बोट थांबलं.

"ते चुंबक म्याच जागं केल्तं," तो म्हणाला.

"म्हंजे कबूल?"

"कबूल काय कबूल! आधी ऐकून घे ना. उस्ताद आजारी पडल्यापासून तुझा डायनामो फळीवर पडून होता. चुंबक मेल्तं त्याचं. तू तर आधी उस्तादांच्या उशाशी बसून, अन् ते गेल्यावर तुला शुद्ध न्हवती. दसऱ्याला एवढे लोक येणार अन् तुझी सुई जागची हालणार न्हाई. म्हणलं, भांडण डायनामोचं हाय, बद्रीची बेइज्जती कशाला? खंडेनवमीला पूजेच्या आधी जल्दी-जल्दीत बेंचवरच्या बॅटरीची तार टेकवली. हाताला सवय अमेरिकन लॉरीची, बॉडीला निगेटिव्ह धरलं. तपासावं म्हणलं तर तू हळद-कुंकू लावून मोकळा. मंग कोण हात लावणार?"

"मंग दसऱ्याला सांगायचं होतं!"

"सांगायला तोंड उघडलं तर तू चोर म्हणून मोकळा झाल्ता. मंग म्हणलं, जाऊ दे. ह्याला मी चोर वाटतो तर राहू दे चोरच."

मला राग आला. एवढा जपलेला राग फुकट गेला याचाच राग आला. मी त्याला म्हणालो, "गाढवा, एक कार्ड टाकायला काय झालतं तुला?" तो म्हणाला, "अन् तुला?" मग मला रडू आलं. तो उठून माझ्या उजव्या बाजूला येऊन बसला, ऐकू यावं म्हणून. साळूबाई चुलीकडं तोंड करून उभी होती, तिचे खांदे हलत होते. मृत्युपत्रात हे लिहितात की नाही मला माहीत नाही, पण झालं ते लिहिलं आहे.

त्याच्या पिशवीत दसऱ्याला जळालेली ती डबी होती. मिलच्या मोटरी भरता भरता उरलेल्या बारीक तारेनं त्यानं दोन्ही गुंडाळ्या नव्यानं भरल्या होत्या, पॉइंट नवे बसवले होते. कधी केलं विचारलं तर म्हणाला, "जालन्याला गेलो त्याच साली. उस्तादांचा माल जळका कसा ठेवू?" भिवानं खाली मोटर जोडून दिली. मी बॅटरीची पॉझिटिव्ह तार बॉडीला धरली, दुसरी फिल्डला टेकवली, आणि मच्छिंद्रला दाखवून टेकवली. त्यानं हात जोडले. पट्टा चढवला. कटाऊट लागला. दिवे पेटले, भार वाढवला तसा डायनामो वाढला, कमी केला तसा उतरला. सुई जशी असायला हवी तशी. मच्छिंद्र बघत राहिला आणि म्हणाला, "पर रस्त्यात तुटला तर पान्यानं नीट होत न्हाई." मी म्हणालो, "अरे पण तुटतच न्हाई ना!" भिवानं मोटर बंद केली, कारण आमचं बंद होईना.

दुपारी भार्गवीबाई आल्या, सह्या घ्यायला. मी कलम पाचच्या रिकाम्या जागेत मच्छिंद्रचं नाव लिहिलं. त्यांच्याबरोबर येणारा साक्षीदार काही आला नाही, तेव्हा मच्छिंद्र म्हणाला, "मी करतो की सही."

बाई म्हणाल्या, "काका, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्यानं साक्षीदार होऊ नये. उद्या कोणी कोर्टात शंका घेईल. एकतर डायनामो घ्या, नाहीतर साक्ष द्या."

मच्छिंद्रनं एक क्षण विचार केला असेल-नसेल. "नाव खोडा. मला सहीला राहायचंय. ज्याला ह्यानं चोर म्हणलं त्याची सही ह्याच्या कागदावर पाहिजे मला."

आणि त्यानं स्वतःच पेन घेऊन स्वतःचं नाव खोडायला सुरुवात केली. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, "सोड. वस्तू काय, आज न्हाई उद्या भट्टीतच जायच्यात. माणूस एकदाच सही करतो."

मी मग कल्याणला हाक मारली. आज तो रजा काढून घरी होता. त्याला आणि भिवाला म्हणालो, मागच्या खोलीतले तिन्ही डायनामो आणा, गोणपाट काढा. आणले. मी एकेकावर हात ठेवला आणि मच्छिंद्रला म्हणालो, "घे." जर्मन डायनामो आम्हा दोघांना मिळूनही उचलेना, कल्याणनं खालून हात लावला. आता तिन्ही मच्छिंद्रसाठी बोलावलेल्या भाड्याच्या टेंपोत आहेत, टेंपो दारात उभा आहे. कल्याणनं त्यांच्या खाली स्वतःची सतरंजी अंथरली, मी सांगितलं नव्हतं.

तेव्हा भार्गवीबाईंच्या सल्ल्यानं पुढीलप्रमाणे दुरुस्ती करतो.

कलम ५ रद्द. त्यात लिहिलेल्या वस्तू आज रोजी माझ्या मालकीच्या राहिलेल्या नाहीत. त्या मी जिवंतपणी, माझ्या हातानं, ज्याच्या त्याला देऊन टाकल्या आहेत. जे जित्तेपणी दिलं त्याला मृत्युपत्र लागत नाही.

कलम ६ रद्द. खबर सगळ्यांत आधी मच्छिंद्रला द्यावी.

कलम ४ कायम. हरिओमरावांचं बघून घेऊ.

बाकी कलमं जशीच्या तशी. वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, साळूबाईला वाचून दाखवला, तिनं दोन ठिकाणी नाक उडवलं आणि कबूल केलं. खाडाखोडीच्या जागी सह्या केल्या आहेत. ह्यापुढं माझं कोणाकडं काही राहिलेलं नाही.

स्थळ: परतूर, जिल्हा जालना
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५

(सही) बद्रीनाथ भिकाजी गावंडे

साक्षीदार १:
ॲड. भार्गवी देऊळगावकर, परतूर. लिहून देणाऱ्यांनी माझ्या समक्ष सही केली. मजकूर नेहमीच्या नमुन्यात नाही, परंतु कायद्यानं पुरेसा आहे.

साक्षीदार २:
मच्छिंद्र सखाराम बोराडे, जालना. बद्रीनं माझ्यासमोर सही केली. कागद मी धरला होता. ह्या मृत्युपत्रातून मला काहीएक मिळालेलं न्हाई.